बेकरच्या डोंगरातलं गाऱ्हाणं

त्या शनिवारी खरं तर विशेष काहीच करायचं नव्हतं. इंडियन स्टोअरमधून कढीपत्ता आणि तांदळाचं पीठ आणायचं, वाटेत लायब्ररीत पुस्तकं टाकायची आणि संध्याकाळी शोभनाताईंच्या बॅगा भरायला घ्यायच्या, एवढाच बेत. शोभनाताई म्हणजे अदितीच्या सासूबाई. कुडाळहून अमेरिकेत रेडमंडला लेकाकडे आल्या होत्या, सहा महिने राहिल्या होत्या, आणि आता परतीचं विमान आठवड्यावर येऊन ठेपलं होतं. पण सकाळी चहा पिता पिता सत्यजितने खिडकीतून वर बघितलं आणि बेत फिसकटला. ऑक्टोबरात रेडमंडला असं निळं आभाळ दिसलं की माणसं घरात थांबत नाहीत.

"आई, चल, तुला ज्वालामुखी दाखवतो."

"पेटलेला?" शोभनाताईंनी कप खाली ठेवला.

"नाही गं, झोपलेला. माउंट बेकर. वर लाव्हाचे खांब आहेत, ग्लेशियरने घासलेला खडक आहे. पुढच्या वीकेंडला स्नो पडला की रस्ताच बंद. मग तू काय बघणार, डोंबल?"

आता या सत्यजितचं काय सांगायचं! नोकरी सॉफ्टवेअरमधली, पण जीव सगळा दगडांत. रस्त्याच्या कडेला कापलेली दरड दिसली तरी गाडी बाजूला घ्यायचा. लग्नानंतर फिरायला गेले तेव्हा बायकोचे फोटो मोजके आणि बेसाल्टचे ढीगभर. अदिती मैत्रिणींना सांगायची, "माझी सवत काळी आहे, षट्कोनी आहे आणि माझ्यापेक्षा फोटोजेनिक आहे." अदिती नागपूरची, बोलायला फटकळ, मनाची साफ. सासूशी तिचं बरं होतं. पण सहा महिने एका स्वयंपाकघरात काढले की कुठे ना कुठे भांडं वाजतंच.

शोभनाताईंनी झटपट तांदळाच्या भाकऱ्या केल्या आणि सोबत सुक्या सुंगटांची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची, चटणी बांधून घेतली. डब्याचं झाकण लावलं तरी वास गाडीभर झाला.

"आई, या वासाने अस्वलं येतील हो," अदिती म्हणाली.

"येऊ देत की. भाकऱ्या पुष्कळ आहेत," शोभनाताई म्हणाल्या, आणि सत्यजित स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसला.

दुपारच्या जरा आधीच ते वर पोचले. रस्ता जिथे संपतो तिथे गाडी लावली आणि पायवाट धरली. दोन्ही बाजूंना ब्लूबेरीची झुडपं लालभडक झालेली, समोर बेकरचं पांढरं शिखर, आणि वाटेच्या कडेला ते खांब. एकाला एक चिकटून उभे, काळपट, कोनाकोनांचे. वखारीत लाकडाचे ओंडके उभे करून ठेवावेत तसे. शोभनाताई चालता चालता थांबल्या.

"कोणी घडवले रे हे?"

सत्यजितला तेवढंच हवं होतं. लाव्हा हळूहळू थंड होत गेला की आकसतो, आकसला की तडकतो, तडे खालपर्यंत जातात आणि असे खांब तयार होतात; कोणी घडवत नाही. मग त्यावरून बर्फाची नदी सरकली. तिच्या पोटाखाली दगड अडकले होते, ते खडकावर फरफटत गेले, त्याचे ओरखडे अजून दिसतात. आणि बर्फ वितळलं तेव्हा वाहून आणलेले धोंडे जिथल्या तिथे राहून गेले. "तो बघ, तसलाच एक," त्याने बोट दाखवलं.

खांब संपतात तिथे पुढे एक लांबरुंद उघडा कातळ होता, त्याच्या अलीकडच्या टोकाला तो धोंडा. माणसापेक्षा उंच, एकटा, भोवतालच्या कुठल्याच दगडाशी न जुळणारा. कातळाचं पलीकडचं टोक सरळ दरीत तुटत होतं. तिथे घसरून पडणाऱ्या माणसाचं चित्र असलेली पिवळी पाटी रोवलेली होती. शोभनाताईंनी धोंड्याजवळ जाऊन बूट काढले, त्याला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. अदितीने इकडेतिकडे बघितलं. एक गोरं जोडपं ट्रेकिंगच्या काठ्या टेकत चाललं होतं, त्यांनी हसून "हाय" केलं.

धोंड्याच्या आडोशाला वारा लागत नव्हता म्हणून तिथेच डबा सोडला. शोभनाताईंनी पहिल्या भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर चिमूटभर चटणी ठेवली आणि तो धोंड्याच्या पायाशी एका सपाट जागेवर ठेवून दिला. त्यांच्याकडे तशी रीतच आहे. रानात, डोंगरात, परक्या जागी जेवायला बसलं की पहिला घास त्या जागेच्या राखणदाराचा. तो दिल्याशिवाय आपण तोंडात घालायचा नाही.

अदितीने तो तुकडा लगेच उचलला.

"आई, इथे असं ठेवायचं नसतं. खाली बोर्ड बघितला ना? वाइल्डलाइफला खायला घातलं तर फाइन होतो." आणि तिने बॅगेतून झिपलॉकची पिशवी काढून तुकडा तिच्यात बंद केला. इथे कचरा परत घरी न्यायची पद्धत, त्यासाठी ती नेहमी पिशव्या बाळगायची.

"अगो, तो त्याचा वाटा होता," शोभनाताई हळूच म्हणाल्या.

"कोणाचा?"

"ज्याची जागा, त्याचा."

"आई, जागा फेडरल गव्हर्नमेंटची आहे."

तिला गंमत करायची होती. पण आवाजाला धार आली ती आलीच. शोभनाताईंनी भाकरी खाल्ली, पण निम्मीच. सत्यजितने दोघींकडे बघितलं आणि असल्या वेळी शहाणे नवरे जे करतात तेच केलं. कॅमेरा घेऊन तो उठला.

"त्या टोकाला ओरखडे मस्त दिसतात. दोन फोटो काढतो. आलोच."

तो कातळावरून चालत गेला. निळ्या जाकिटातली त्याची पाठ लहान होत गेली, मग तो ओणवा झालेला दिसला. अदितीने डबे आवरले. डोकं वर केलं तेव्हा दरीतून धुकं वर येत होतं.

धुकं तिला नवीन नव्हतं. या भागात राहायचं म्हणजे ढगांत राहायचं. पण हे भलत्याच वेगाने आलं. आधी शिखर गेलं, मग पिवळी पाटी गेली, मग निळं जाकीट. बघता बघता हाताच्या अंतरावरचं झुडूप दिसेना. वारा थांबला. मघापासून खडकांत कुठेतरी एक डोंगरी प्राणी शीळ घालत होता, तो गप्प झाला. आणि वास आला. ओल्या राखेचा, चुलीवर पाणी ओतल्यावर येतो तसा.

"सत्या!" अदितीने हाक मारली.

काही नाही.

"सत्या, यार, मस्करी नको! आहेस तिथेच थांब, हलू नकोस!"

तिचा आवाज जवळच्या जवळ विरून गेला. तिने फोन काढला, सिग्नल नव्हता. त्या टोकाला कठडा नाही, कातळ ओला झाला की काचेसारखा निसरडा होतो, आणि हा माणूस कॅमेऱ्यात डोळा घालून मागे मागे चालायचा. ती पुढे निघाली तशी शोभनाताईंनी तिचं मनगट धरलं.

"तू जाऊ नको. दोघं गेलात तर मी काय करू?"

"पण आई, तो कड्याच्या टोकाला आहे..."

"ठाऊक आहे मला. माझा मुलगा आहे तो."

त्यांनी पकड सोडली नाही. आणि तेवढ्यात तो आवाज सुरू झाला.

खर्रर्र... मग थांबला. खर्रर्र...

दगडावर दगड. पाट्यावर वरवंटा फिरतो ना, तसा. पण त्या पाट्याची लांबी कल्पनेत मावली नसती आणि वरवंटा ओढणाऱ्याला घाई अजिबात नव्हती. पायाखालचा कातळ बारीक कंप पावत होता. आवाज डावीकडे होता, मग समोर गेला, मग उजवीकडे. मग अदितीच्या लक्षात आलं. तो आवाज त्यांच्याभोवती फिरत होता. आणि दर फेरीला थोडा आत येत होता.

"आई... रॉकफॉल असेल ना? वरून दगड..."

"वरून पडणारा दगड गोल फिरतो का?"

खर्रर्र... आवाज धोंड्याच्या मागे आला आणि थांबला. दोघी मागे सरकून धोंड्याला पाठ लावून बसल्या होत्या. पाठीला आधी गार लागलं, मग गारठा हाडांत शिरला. धोंड्याच्या पलीकडे, अगदी लागून, काहीतरी उभं होतं. श्वास ऐकू येत नव्हता. नुसतं वाट बघत होतं.

"अदिती," शोभनाताई कानाशी कुजबुजल्या, "त्याचा वाटा त्याला देऊन टाक."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी अदितीने वाद घातला असता. आता तिने बॅग उघडली, पिशवी काढली. ती झिप काही केल्या सुटेना, शेवटी दातांनी फाडली. मघाशी मऊ असलेला तुकडा खापरीसारखा कडक झाला होता. मागे न बघता तिने हात लांबवून तो होता त्या जागी ठेवला.

"चुकलं माझं," ती म्हणाली. कोणाला म्हणाली ते तिचं तिलाही कळलं नाही.

शोभनाताई उभ्या राहिल्या. डोक्यावरून पदर घेतला. वर विंडचीटर, पायांत नुसते मोजे, अशा अवतारात त्यांनी हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. कोकणात शुभकार्याआधी, संकटात, देवाला असं साकडं घालतात. एकाने मोठ्याने मागायचं आणि भोवतालच्यांनी दर वाक्याला होकार भरायचा. होकाराशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. अदितीने ते लग्नात एकदा ऐकलं होतं, तेव्हा तिला हसू आवरलं नव्हतं.

"बा देवा म्हाराजा! ह्या डोंगराच्या राखणदारा!"

त्यांनी अदितीकडे बघितलं.

"व्हय म्हाराजा," अदिती पुटपुटली.

"आमी परक्या मुलखातली माणसा. तुझ्या हद्दीत इलंव, तुझ्या सावलेत बसान जेवलंव..."

"व्हय म्हाराजा."

"तुझो मान ऱ्हवलो. पोरीच्या हातसून चूक झाली, ती पदरात घे..."

"व्हय म्हाराजा!" आता अदिती मोठ्याने म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सत्या परत येऊ दे, बाकी काही नको, एवढंच तिच्या मनात होतं.

"माझो झील वाट चुकलो हा. तेका वाट दाखय. तेका माझ्या पदरात घाल..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि जशे आमी इलंव तशे सुखरूप परत ने. घराक पोचासर आमच्या सांगाती रव, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," अदिती म्हणाली.

आणि तिच्यानंतर, धोंड्याच्या पलीकडून, खोल, सावकाश, पहिल्यांदाच जीभ वळवत असल्यासारखं कोणीतरी म्हणालं, "व्हय... म्हाराजा."

दोघींनी एकमेकींचे हात गच्च धरले. खर्रर्र... आवाज पुन्हा सुरू झाला. पण आता त्यांच्याभोवती नाही. तो सरळ कातळावरून निघाला होता, दरीच्या टोकाकडे. सत्यजित होता तिकडे. आवाज दूर गेला, आणखी दूर गेला, आणि थांबला. मग काहीच नाही. अदितीला आपल्याच कानातलं रक्त ऐकू येत होतं. किती वेळ गेला देव जाणे.

धुक्यात काहीतरी निळं हललं.

सत्यजित अडखळत आला. गुडघा फुटलेला, जाकिटाची बाही फाटलेली, चेहरा पीठ फासल्यासारखा पांढरा. अदिती धावली, त्याला मिठी मारली, आणि मग त्याच्या छातीवर दोन गुद्दे हाणले.

"आलोच म्हणून गेला होतास ना तू! आलोच!"

"अगं... ऐक तरी... मी जातो की काय असंच झालं होतं." तो मटकन खाली बसला. "धुकं आल्यावर मी परत फिरलो. म्हणजे मला वाटलं परत फिरलो. मी नेमका उलटा चाललो होतो गं. एक पाय हवेत गेला... आणि तेवढ्यात मागून आवाज आला म्हणून मी वळलो. तसाच गुडघ्यावर आपटलो. बघतो तर जिकडे चाललो होतो तिकडे काहीच नाही. कातळ संपलेला."

"कसला आवाज?" शोभनाताईंनी विचारलं.

"तूच गाऱ्हाणं घालत होतीस ना? तुझं काही मला ऐकू आलं नाही, पण ते 'व्हय म्हाराजा' स्पष्ट ऐकू आलं. अगदी कानामागे. मग त्या आवाजाच्या मागे मागे आलो." त्याने मान वर करून आजूबाजूला बघितलं. "कोण काका होते ते? आपल्याकडचा ग्रुप भेटला का कुठला?"

शोभनाताईंनी खाली बसून लेकाचं डोकं छातीशी धरलं आणि रडता रडता एकदम हसायला लागल्या, मग अदितीही हसायला लागली, आणि सत्यजित बावळटासारखा दोघींकडे बघत राहिला. धुकं आलं तसंच उतरून गेलं. शिखर पुन्हा दिसायला लागलं, ऊन पडलं, आणि कुठेतरी तो प्राणी शीळ घालू लागला. उतरताना सत्यजितच्या जिवात जीव आला तशी त्याची विद्याही परत आली. खांबांच्या भिंतीवर आवाज आपटून फिरतो, धुक्यात दिशा कळत नाही, अदितीचाच आवाज जाड होऊन त्याच्यापर्यंत पोचला असणार, सिंपल एको. अदितीने त्याला बोलू दिलं. तो चालतोय, बोलतोय, लंगडतोय, याच्यापुढे तिला एकोचं काही पडलं नव्हतं. तिने सासूचा हात धरला होता, तो गाडीपर्यंत सोडला नाही.

"आई, सॉरी हं. मी फार तोडून बोलले."

"असू दे गो. माझ्या लेकाचा गुडघा ठणकतोय, घरी गेल्यावर त्याला कढत पाणी दे. आणि उद्या मी घावणे करते." एवढं बोलून त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला. अदितीला कित्येक दिवसांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

गाडीपाशी थर्मासातला चहा प्याले. सत्यजितचा गुडघा दुखत होता म्हणून अदिती चालवायला बसली, तो शेजारी, शोभनाताई मागे एकट्या. गाडी सुरू केली, थोडी पुढे घेतली, तर टिंग टिंग वाजायला लागलं. समोर लाल दिवा. मागच्या सीटवर कोणीतरी बेल्ट लावलेला नाही.

"आई, बेल्ट?"

"लावलाय की."

सत्यजितने दिव्याशेजारचं चित्र बघितलं. "मधल्या सीटचं दाखवतंय. बॅग ठेवली असशील, वजनाने वाजतं ते."

शोभनाताईंनी बॅग उचलून पायाशी ठेवली. टिंग टिंग. जाकीट उचललं. टिंग टिंग. मधली सीट रिकामी होती.

"सेन्सरमध्ये ओल गेली असेल," सत्यजित म्हणाला आणि डोळे मिटून मागे टेकला.

अदितीने आरशात बघितलं. शोभनाताई दाराकडे सरकून बसल्या होत्या, शेजारी कोणाला नीट जागा व्हावी म्हणून सरकतात तशा. त्यांचा चेहरा भ्यालेला नव्हता. विचारात पडलेला होता.

"आई," अदिती अगदी हळू म्हणाली, "गाऱ्हाण्यात शेवटी काय म्हणालात तुम्ही? घरापर्यंत..."

"घरी पोचेपर्यंत सोबत राहा म्हटलं. तसंच म्हणायचं असतं, गो. आजवर तसंच म्हणत आले मी."

"पण कुठल्या घरापर्यंत? आपल्या रेडमंडच्या... की तुमच्या कुडाळच्या?"

शोभनाताईंनी आरशातून तिच्याकडे बघितलं.

"ते काही बोलले नाही मी. नुसतं घर म्हटलं."

टिंग टिंग चालूच होतं. शोभनाताईंनी क्षणभर हात आवरला, मग मधल्या सीटचा पट्टा धरून ओढला. लांब ओढावा लागला. रिकाम्या जागेवरून तो आणून त्यांनी बकल अडकवलं, आणि वाजायचं थांबलं.

"चल आता, सावकाश चालव," त्या म्हणाल्या.

अदितीने गाडी रस्त्यावर घेतली. पहिल्या वळणावर तिने पुन्हा आरशात बघितलं. पट्टा सीटला चिकटला नव्हता. सीटपासून हातभर पुढे, हवेत, तो ताठ ताणलेला होता, आणि कोणाच्या श्वासासारखा हळूहळू वर-खाली होत होता.